वजावट

जानेवारीतलं ऊन दौलतगंजातल्या आमच्या गच्चीवर
साडेअकराला येतं, अडीचला जातं.
तेवढ्यात तीन कंपन्या उरकायच्या.

फुलस्केप आडवा घेतला, पट्टीनं रेघा मारल्या,
डावीकडे दोन बोटं समास सोडला.
चौतीस वर्षं लोकल फंड ऑडिटमध्ये
नगरपालिकांचं डांबर तपासलं, दिवे तपासले,
मेलेली कुत्री उचलल्याची बिलंसुद्धा.
ही तर दोनच म्हातारी माणसं.

हे मटार सोलताहेत.
बँकेची चार लाखांची ग्रुप पॉलिसी आहे ह्यांची.
ती गेल्या वर्षी कम्पूतल्या नर्सिंग होममध्ये
अकरा दिवसांत संपली.
बाराव्या दिवशी मी एफडी मोडली.
ह्यांना सांगितलं, मुदत संपली होती.

म्हणून आता वरची हवी. चार लाख वजा जाता पुढची.
सौरभ कुशवाह दोनदा समजावून गेला:
आंटीजी, टॉप-अप प्रत्येक भरती वेगळी मोजतो,
सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज धरतो.
मी म्हटलं, मग आम्हाला सुपरच दे बाबा,
इथे प्रत्येक दुखणं झालं-गेलं करणारे हे
आणि बेरीज धरणारी मी.
हे शेंगेकडे बघत हसले.

पहिली स्वस्त. पण खोलीभाडं पाच हजारांवर थांबतं,
आणि खोली महाग घेतली की डॉक्टर, भूल, टाके,
सगळ्यांनाच त्याच मापानं कात्री.
दुसरीत शंभरातले वीस आपले.
तिसरी चांगली. गुडघे तेवढे दोन वर्षांनी.
"गुडघ्यांना कळवलंस का?" हे म्हणाले.

तिसरीचा हप्ता सत्तरीच्या आत एकोणीस हजार चारशे,
सत्तरी ओलांडली की एकतीस.
कागदावर ह्यांनी जुलैतच ओलांडली.
मुरारच्या शाळेत फाटक मास्तरांनी
त्या दिवशी आलेल्या सगळ्या पोरांना एक जुलै वाटली,
आणि ह्यांना, उंच दिसतात म्हणून,
वर दीड वर्ष.
सासूबाई सांगायच्या, संक्रांतीचा दुसरा दिवस होता,
गल्लीत गजक कुटण्याचा आवाज चालला होता.
म्हणजे परवाच एकोणसत्तर पूर्ण झाली.
पण गजकाच्या आवाजाला व्हाउचर नसतं.
"मास्तरांनी दीड वर्ष आधी रिटायर केलं," हे म्हणाले,
"आता म्हातारंही तेच करताहेत."

मग फ्लोटर.
दहा लाख दोघांत मिळून, हप्ता नऊ हजारांनी कमी.
जो आधी पडेल त्यानं वापरायचे,
उरले तर दुसऱ्याला.
"फ्लोटर घे. मला काही होत नाही."
मी पट्टी खाली ठेवली.
ह्या माणसाला मी अकराव्या दिवशी पाहिलंय,
तोंडावर मास्क, बोलता येईना,
आणि अंगठा चादरीची कड मोजतोय,
नोटांच्या गड्डीसारखी,
मध्येच अडखळून पुन्हा पहिल्यापासून.

"त्या एफडीला नोव्हेंबरपर्यंत वेळ होता," हे म्हणाले.
शेंगेत किडा निघाला होता, तो बाजूला टाकला.
"मला ठाऊक होतं. माझ्याच हातची पावती ती."

वर्षभर?
वर्षभर.

ऑडिटमध्ये अशा वेळी आम्ही लिहायचो,
खुलासा प्राप्त, आक्षेप वगळण्यात येतो.
मी समासात काहीच लिहिलं नाही.
फ्लोटरच्या रकान्यावर तिरकी रेघ मारली,
खाली लिहिलं: दोन. वेगवेगळ्या.
खिशाला जड जाईल. जाऊ दे.
ह्यांनी वाचलं, आणि ह्यांना वाचताना मी पाहिलं,
आणि दोघांनी मटार किती निघाले ते बघितलं.

सौरभला फोन लावला.
अंकल की डेट ऑफ बर्थ, आंटीजी?
मी एकवार ह्यांच्याकडे बघितलं.
एक जुलै, म्हटलं. लिख ले.

ऊन शेजारच्या टाकीवर गेलं.
सालं गाईला. कागद फायलीत.