वाकून बसायची गाडी

तुर्भ्याच्या शोरूममध्ये काचेलगतची जागा
तेरा वर्षं तिची होती.
गेल्या मंगळवारी आम्ही चौघांनी ढकलून
तिला खांबामागे नेलं.
कव्हर घातलं नाही.
कव्हर दिसलं की गिऱ्हाईक विचारतं, हिला काय झालंय?

तिच्या जागी आता उंच गाडी,
टायर माझ्या मांडीला लागणारी.
इम्तियाज तरी रोज सकाळी आधी सेडानच पुसतो.
म्हणतो, हिच्या टपाला हात पोचतो, साहेब,
तिला स्टूल लागतं.

या तिमाहीत उंच एकेचाळीस, लांब दोन.
दोनांतली एक हॉटेलनं घेतली,
दुसरीच्या मालकानं रंगही पाहिला नाही,
सवलत पाहिली.
आकडे पडद्यावर येतात
तेव्हा मी बुटांकडे बघत बसतो.

धंदा मी हिच्यावरच शिकलो.
दार लावायचं नाही, सोडायचं.
उरलेलं ती स्वतः ओढून घेते,
पिठाच्या डब्याचं झाकण बसावं तशी.
गिऱ्हाइकाला मागे बसवून मी दार सोडायचो
आणि बाहेर अर्धा मिनिट नुसता उभा राहायचो.
आत सायन-पनवेलचे ट्रक बंद पडायचे.
त्या अर्ध्या मिनिटात कितींनी चेकबुक काढलंय!

घणसोलीचे बाळाराम मढवी त्यातले पहिले.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे, पायात स्लिपर.
एवढंच विचारलं होतं,
"मांगं बसनारा झोपला त चालंल ना?"
वडील मिठागरात उभ्यानं म्हातारे झालेले.
पहिल्या दिवशी त्यांना मागे बसवून
वाशीच्या पुलापर्यंत नेलं, म्हणे,
तर पूल बघायला म्हातारा जागा कुठे होता.

परवा आले. मुलगा, सून, नातू,
आणि तीच गाडी, बदलीत द्यायला.
पोटाखाली रेघाच रेघा,
गावातल्या एकेका गतिरोधकाची नोंद ठेवल्यासारख्या.
मी म्हटलं, काका, एकदा बसून तर बघा,
नवं मॉडेल आहे, लांबच.
मुलानं घड्याळ पाहिलं.
ते खांबामागे आले. टपावर हात ठेवला,
वाकले,
आणि अर्ध्यावर थांबले,
हात सुटलेलं दार थांबतं तसे.
ओढून घेणारं मात्र आत काही नव्हतं.
"ढोपरा ऐकत नाय रं आता."

मी काय बोलणार?
ढोपर खरं, खड्डे खरे,
जुलैत भुयारी मार्गात साचतं ते पाणीही खरं.
उद्या हप्ता झेपला
तर मीसुद्धा उंचच घेईन.

आज डिलिव्हरी.
सुनेनं ओवाळलं. नातवाच्या हातात
त्याच्याहून मोठी पुठ्ठ्याची किल्ली.
चार चाकांखाली चार लिंबं मी ठेवली.
गाडी हलली, फाटकाशी थांबली,
वरून काच उतरली:
"लिंबू फुटला का रं? कलला नाय."

मागच्या खेपेला विचारावं लागलं नव्हतं.
चाकाखालचं ते फुटणं
त्यांच्या बुडाला कळलं होतं,
आणि ते लहान पोरासारखे हसले होते.

फुटली, काका. चारही.

तीनच फुटली होती.
चौथं फरशीच्या उतारानं घरंगळत गेलं,
खांबामागे, तिच्या पुढच्या चाकाला
टेकून राहिलं, अख्खं.

इम्तियाज फडका घेऊन निघाला होता.
मी म्हटलं, राहू दे.