खालच्या अंगाला

क्वापॉ नावाची माणसं आहेत, अमेरिकेत.
नावाचा अर्थ : प्रवाहाबरोबर खाली गेलेले.
भावकी नदीपाशी फुटली,
काही वर चढून गेले, हे खाली उतरले,
आणि कुठं उतरलो तेवढंच
नाव म्हणून पुरलं.

हे मी चंद्रव्वा आत्तीला सांगत होतो
पंचगंगेच्या काठाला.
ती निरगुडीचे फोक तासत म्हणाली,
"मग आपलीच की ती.
आमालाबी गावानं खालच्या अंगालाच पाल ठोकू दिलं.
फरक एवढाच, आमी उतरलो न्हाई.
उतरवलं."

त्यांनाही, म्हटलं. सरकारनं परक्या नदीवर नेऊन सोडलं,
पुरानं मका नेला,
माणसं उपासानं गेली,
उरलेली चालत माघारी आली.

आत्तीनं विचारलं, "बंधाऱ्याला किती फूट हुतं?"

तिचं जग राजाराम बंधाऱ्यावर मोजलं जातं :
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला गाढवं सोडायची.
मला सांगता आलं नाही.

मग मोबाइलवर लावली जुनी फीत.
खरखरीमागं एक म्हातारी, सावकाश,
तांदूळ निवडावेत तसे शब्द निवडणारी.
त्यातला एक मला ठाऊक होता : नी.
म्हणजे पाणी.

आत्तीचा कोयता थांबला.
"तन्नी," ती म्हणाली.

आमच्या कैकाड्यांच्या बोलीतलं पाणी.
पहिलीत मी ते मागितलं
तेव्हा अख्खा वर्ग हसला होता.
त्या दिवसापासून मी तहानेलासुद्धा
मराठीत लागतो.

नी. तन्नी. पाणी.
योगायोग आहे, दुसरं काही नाही,
कुठल्याही भाषाशास्त्रज्ञानं कान उपटले असते.
पण तो नी बघा कुठं बसलाय,
शब्दाच्या
खालच्या अंगाला.

"त्या बाईसंगं आता बोलतं कोण?"
तिकडची पोरं, म्हटलं. फीत ऐकतात, मागनं म्हणतात.
"आन् ती?"
ती गेली.

आत्ती बराच वेळ गप्प.
अर्धवट डालग्यातून पलीकडची नदी दिसत होती, चौकटीचौकटीची.
मी हळूच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं :
डालग्याच्या पहिल्या वेढ्याला आपल्यात काय म्हणतात, आत्ती?

तिनं मोबाइल पालथा घातला.
"त्याला कशाला सांगू? तू म्हण."

मी म्हटलं.
"तसं न्हवं," ती म्हणाली,
"जीभ दाताला लाव."