मसुदा, कलम सात

'बिनतारी जाळ्याच्या सुरक्षेची मानके'
एवढं टाईप करून
मी तासभर पंख्याकडे बघत बसलो.
नांदेडचा एप्रिल. विष्णुपुरीकडून येणारं वारंही
तव्यावरून उतरवलेलं.

समितीत सहा जण. अध्यक्ष मामीडवार सर
'मानक' खणखणीत म्हणतात,
'पासवर्ड' म्हणताना आवाज खाली घेतात,
घरातलं दुखणं सांगावं तसा.

कलम एक, व्याख्या.
कलम दोन, जबाबदारी कुणाची.
कलम तीन : सर्वांना एकच पासवर्ड ही पद्धत बंद.
इथं बोटं थांबली.
कँटीनच्या मागच्या भिंतीवर
खडूनं लिहिलेला तो पासवर्ड चार वर्षांचा आहे
आणि ठेवलेला मीच.
मागच्या दिवाळीत रंगकाम निघालं, तेव्हा पोरांनी
रंगाऱ्याला तेवढी वीतभर भिंत सोडायला लावली.

मुलींच्या वसतिगृहाजवळ
अय्युब पटेल शिडीवरून एक डबडं घेऊन उतरला.
"ये अपना नै साब."
नाव आपलंच होतं.
शेवटी फक्त एक टिंब जास्त.

त्या टिंबातून प्रज्ञाशीला सोनकांबळेची शिष्यवृत्ती गेली,
अकरा हजार चारशे.
खोट्या पानानं खातं विचारलं, तिनं दिलं.
ओटीपी विचारला, तोही दिला.
चोर कोण, हे तिनं विचारलंच नाही.
म्हणाली, "सर, मी बरोबर नावच दाबलं होतं ना?"
कलम चार त्या रात्रीत लिहून झालं.

कलम पाच : नोंदी नव्वद दिवस ठेवाव्यात.
कोण, कुठं, किती वाजता, किती वेळ.
वाचताना माझीच मान अवघडली.
कुंपणानंच शेत खाल्लं तर?
खाली एक ओळ वाढवली :
नोंद बघणाऱ्याचीही नोंद राहील.
कुलसचिवांनी तिच्यावर
पेन्सिलनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं.
खोडलं मात्र नाही.

आणि कलम सात.
'विद्यापीठाशी थेट संबंध नसलेल्या व्यक्तींना प्रवेश नाही.'
एका ओळीचं कलम. सगळ्यांना आवडलं.

दुसऱ्या फाटकावर शेषेराव असतात, रात्रपाळीला.
एकोणीस वर्षं. माणूस ठेकेदाराचा.
बारा विभागांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला,
नाव कुठल्याच यादीत नाही.
रात्री अकराला ते स्टूल उचलून
गुलमोहराखाली नेतात, तिथंच दोन दांड्या येतात.
पोरगा दोहात क्रेन चालवतो.
चित्र अडकतं, तोंड उघडंच राहतं त्याचं,
शेषेराव तसंच धरून बसतात,
पुन्हा हलेपर्यंत.

मी म्हणालो, थेट संबंध म्हणजे काय ते ठरवू.
कुलसचिव म्हणाले, अपवाद केला की मानक कसलं?
मी म्हणालो, अपवाद नको, प्रत्येकाला स्वतःची किल्ली द्या,
नाव, मुदत, कुणाच्या सहीनं, सगळं लिहून.
आज भिंतीवरची किल्ली
चोराचीही आहे, शेषेरावांचीही.
दोघांत फरक कसा करणार?
मामीडवार सरांनी चष्मा पुसला. चहा आला.
कलम सात पुढील बैठकीत.

तोवर चाचणीला एक वापरकर्ता लागतो,
असं मी टिपणीत लिहिलं.

"किमान बारा अक्षरं लागतात, शेषेराव."
"मायचं नाव टाकू का बाबू?"
"मला सांगू नका."
"मंग कुणाला सांगू?"
"कुणालाच नाही."
ते जरा गप्प झाले.
आयुष्यभर दुसऱ्याची कुलपं राखलेला माणूस,
स्वतःसाठी काय लपवावं ते सुचेना.

मी पाठ फिरवली,
कुणी धोतर बदलताना फिरवावी तशी.
मागे एका बोटाची टकटक.
मध्येच लांब थांबणं,
खोकला, पुन्हा टकटक.

"लागलं का?"
"थांब की. दोनदा टाक म्हनायलंय."