अर्थ साफ केला

केर्लीच्या पुढं, जोतिबाच्या चढाला
काटा लाल रेघेला टेकला तेव्हा मी
घाईत पाण्याची बाटली सांडली,
तीही नेमकी तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यावर,
आणि उतरले.
बॉनेटखाली वाफ नव्हती, नुसता गोडसर उग्र वास,
पाक करपल्यासारखा.
पुढचे दोन्ही पंखे गप्प.
एकाच्या पात्यात अडकलेलं
कुठल्या हंगामातलं कोण जाणे, उसाचं पाचट.

उद्यमनगरात, मागच्या गल्लीत, दस्तगीर अत्तार.
अकरा वर्षं फोर्जिंगमध्ये घणाशेजारी उभा होता,
कान तिथंच ठेवून आलो, असं सांगतो,
हसत, जरा मोठ्यानं.
आता गाड्यांचं वायरिंग बघतो.

"डिझेल न्हवं? मग दमानं.
डिझेल तापतं सावकाश, रागावतं सावकाश,
पर एकदा रागावलं की हेड वाकवून बसतं."

फ्यूज काढून उजेडाला धरला.
तार शाबूत.
बॅटरीवरून दोन वायरी थेट ओढल्या,
तर पंखा गरगरला.
"ह्यो निर्दोष," म्हणाला, वकिलासारखा.

मग रिले.
रिले टक वाजतो. दस्तगीर तो बोटाच्या पेरानं ऐकतो:
काळ्या डबीवर तर्जनी, डोळे मिटलेले.
पुतणी यास्मिन सेन्सरच्या प्लगात
तारेचा तुकडा अडकवून ओरडते, "आलं का?"
"टक आलं. वारं न्हाई आलं."
वारं तो मनगट पुढं धरून बघतो.

टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला,
दुसरं पंख्याच्या काळ्या वायरीला.
बल्ब लागला. लागला म्हणजे काय,
नुसती तार तांबूस झाली.
"अर्थ न्हाई, बाई.
येतंय समदं बराबर. परत जायाला वाट न्हाई.
अर्थ गेलाय."

मी मराठी शिकवते, आठवी 'ब'ला.
अर्थ सांगा, हे दिवसातून चाळीस वेळा म्हणते.
मागच्या सीटवर ओले झालेले एक्केचाळीस पेपर,
त्यात प्रश्न तिसरा, ओळींचा अर्थ लिहा.
एकानं लिहिलंय:
अर्थ आहे, पण बाईंनी सांगितलेला आठवत नाही.
त्याला मी शून्य दिलंय.

बॅटरी उचलली, ट्रे उचलला.
तळाशी एक बोल्ट,
हिरवट पांढऱ्या बुरशीत गळ्यापर्यंत बुडालेला.
दोन्ही पंख्यांचा भार ह्या एकावर.
"बॅटरीचं पाणी झिरपतंया, कवापास्नं कुणास ठावं."
यास्मिननं गरम पाणी ओतलं,
पॉलिश पेपरनं घासत राहिली,
खालचं लोखंड नव्या चमच्यासारखं दिसेपर्यंत.
वरून व्हॅसलीनचं एक बोट.

मग वाट बघणं.
इंजिन चालू. आम्ही तिघं बंपरपुढं,
कुणाची तरी शुद्ध यायची असावी तसे.
चहा आला, संपला.
शेजारी लेथवर कुणी काहीतरी कातत होतं.
काटा अर्ध्यावर आला, तिथंच बसला,
मग चिमूटभर वर.
दस्तगीरचं मनगट जाळीपुढं.
मला टक ऐकू आलं. मी बोलले नाही.
त्याच्या हातावरचे पांढरे केस आडवे झाले.
"आलं," तो म्हणाला.

पाठकोऱ्या कागदावर बिल, यास्मिनच्या अक्षरात:
अर्थ साफ केला. दीडशे.
पाचट काढले. त्यापुढं रकमेच्या जागी रेघ.

फुलेवाडीत घरापुढं किल्ली काढली
तरी पंखा चालूच.
समोरच्या इंगवलेवहिनी गॅलरीतून,
"बाई, गाडी बंद करायची राहिली!"
म्हटलं, निवतेय, निवू दे.

पेपर दोरीवर चिमटे लावून वाळत घातले.
तो एक तेवढा हातात ठेवला.
प्रश्न तिसरा. शून्याशेजारी
लाल पेन टेकवून बसले होते,
बाहेर पंखा थांबला तेव्हा.