वास घे

सोमवार ते शुक्रवार पाच बागा.
पाचही दुसऱ्यांच्या.
बोलणं होतं ते लॉनमोवरशी,
कधी रॉबिनशी, जो खणलेल्या मातीत किडे शोधत
बुटापाशी येतो
आणि कामापुरताच थांबतो.
चहाचा मग पायरीवर मिळतो. दार बंद होतं.

म्हणून त्या शनिवारी टेनबरीला निघाले
तेव्हा शिकायचं वगैरे काही मनात नव्हतं.
टीम नदी पुलाखालून तांबडीलाल चालली होती,
कुणाकुणाची नांगरलेली शेतं घेऊन.
गावच्या हॉलमध्ये ओल्या जाकिटांचा दर्प,
हीटरची घरघर,
आणि साठ-सत्तर माळी, सगळ्यांच्या नखांत माती.
सवयीनं मी मुठी मिटल्या होत्या.
उघडल्या.

छातीवर चिकटवायला नावाची चिठ्ठी.
कोटोनिअ‍ॅस्टर, चिमोनँथस एका दमात म्हणणारी ही मंडळी
‘शर्वाणी’पाशी मात्र ठेचकाळली.
म्हटलं, चालेल हो, रोप जगलं की झालं,
पाटी चुकली तरी.
ग्वेंडा नावाची बाई इतकी हसली
की तिच्या पिशवीतले डेलियाचे कंद
रताळ्यांसारखे टेबलाखाली गेले.
दोघी गुडघ्यांवर. ओळख अशी झाली.

माझ्या पिशवीत एक मुळी होती.
मिसेस व्हिटलॉकच्या प्रिव्हेटच्या कुंपणाची.
चाळीस फूट कुंपण,
तीन वर्षं एका टोकाकडून वाळत चाललेलं,
चटईची कड उसवत जावी तसं.
फोटो काढले होते, पन्नास तरी.
जिथं जिथं पाठवले तिथून उत्तरं आली:
पाणी जास्त. पाणी कमी. छाटणी चुकीच्या महिन्यात.
मिसेस व्हिटलॉक काहीच म्हणाल्या नाहीत.
त्यांचं काही न म्हणणं
मला रविवारीही ऐकू यायचं.

प्रॉसर म्हातारा. एक कान यंत्रांनी खाल्लेला.
त्यानं चष्मासुद्धा लावला नाही.
खिशातल्या चाकूनं मुळीची साल सोलली,
आत पांढरा पापुद्रा, दुधावरच्या सायीसारखा.
मुळी माझ्या नाकाखाली धरली.
‘वास घे.’

अळंब्यांचा. ओल्या, नुकत्या उगवलेल्या अळंब्यांचा.

‘हनी फंगस,’ तो म्हणाला.
नाव मधाचं आणि धंदा वाळवीचा.
‘शेजारी जुनं खोड असेल बघ कुठलं तरी,
तिथून आली असेल. तुझा हात नाही यात.’
मी तो हात खिशात घातला.
थंडी आहे फार, म्हटलं.

दुपारी सफरचंदाच्या कलमकाड्या निघाल्या.
युस्तिना दिवसभर दोराला लटकून ओक छाटते,
पण तिची पट्टी काही बसेना, सारखी सुटे.
मी घेतली तिच्या हातून. अंगठा खुंटावर,
तर्जनी काडीच्या खाली, आणि एक ओढ.
वेंगुर्ल्याला मामाकडे एका जुलैत
हजारभर आंब्याच्या कोयी बांधल्या होत्या मी,
रुपयाला एक.
प्रॉसरनं पाहिलं. म्हणाला, पुन्हा. सावकाश.
साठ वर्षं कलमं बांधलेल्या माणसानं
माझ्या अंगठ्याकडे असं टक लावून बघावं,
हे सांगणार कुणाला,
आणि कसं?

निघताना व्हॅनमध्ये: तीन कंद,
बियांच्या पाकिटावर लिहिलेला एक नंबर,
सफरचंदाच्या दोन काड्या, नाव कुणालाच माहीत नसलेल्या,
आणि प्रॉसरची ताकीद,
उपट सगळं, मुळांसकट. जाळ.
मग यू लाव. यूच्या वाटेला ती सहसा जात नाही.
आणि मेमध्ये ये, त्यानं मागून ओरडून सांगितलं,
माझ्याकडचं प्लमचं झाड आजारी आहे.

सोमवारी ती मुळी
मिसेस व्हिटलॉकच्या नाकाखाली धरली.
त्यांनी डोळे मिटून वास घेतला.
बराच वेळ.
मग चहा टाकायला आत गेल्या,
दार उघडंच ठेवून.

बूट काढायचे की नाही,
मला कळेना.