रकाना अकरा

अर्जातला अकरावा रकाना:
'सांडपाणी ग्रहण करणाऱ्या जलस्रोताचे नाव.'
मी लिहिलं, काळू नदी.
बाळक्या वाघे खांद्यावरचं पाग सावरत म्हणाला,
कुठली काळू, साहेब?
वरच्या अंगाला ती म्हसकोंड,
वळणावर वाणीणडोह,
आणि तुमचा पाइप उघडतो तिथलं नाव
आम्ही दिवेलागणीनंतर घेत नाही.
रकाना दोन बोटं रुंद.
खोडरबर मी आणलं नव्हतं.

कुंभाळपाडा, तालुका मुरबाड.
घरं एकशे बारा, संडास एकशे चार.
उरलेल्या आठांबद्दल सरपंच खोकतात.
रोजचं पाणी अठ्ठावीस हजार लिटर,
लग्नसराईत जास्त,
आश्रमशाळेला सुट्टी लागली की कमी.

संयंत्र सुगंधा पष्टे चालवते.
संयंत्र म्हणजे तीन टाक्या, एक खडीचा वाफा,
खडीत कर्दळी.
तिच्या नावावर गावानं आधी पोटभर हसून घेतलं.
मग वास कमी झाला,
आणि हसण्यातलीही गंमत गेली.
कर्दळी पुरुषभर वाढल्यात, तांबड्या, पिवळ्या,
पण गौरीला त्यातलं एक फूल कोणी खुडत नाही.
झाडाला काय ठाऊक पाणी कुठलं, ती म्हणते.
ठाऊक असावं.
उगाच कोणी इतकं फुलत नाही.

मी बाटली बुडवली, तोंडापर्यंत भरली,
लेबलावर लिहिलं: अकरा वाजून वीस.
बर्फाच्या पेटीत बसून ती कल्याणला जाईल,
तिथं तीन दिवस, सत्तावीस अंशांवर,
अंधारात ठेवून मोजतील
या पाण्यातला मळ किती श्वास मागतो.
थोडाच मागतो, असा अहवाल आला.
सुगंधाला फोन केला तर म्हणाली,
मग माझा पगार कधी?

संमतीपत्राचा मसुदा मीच केला.
अट सातवी, जुन्या नमुन्यातून जशीच्या तशी:
'नदीस प्रवाह नसताना विसर्ग करू नये.'
लिहिताना हात थांबला नाही.
हे कबूल करायला हवं.

वैशाखात पुन्हा गेलो.
म्हसकोंड म्हणजे तडकलेला चिखल,
वाणीणडोहात गुडघाभर हिरवं,
त्यात म्हशी, त्यांच्यावर बगळे.
नदी नव्हती. गोटे होते.
आणि पाइपाच्या तोंडापासून खाली
करंगळीएवढी धार
गोट्यांमधून वाट काढत निघालेली,
तिच्या दोन्ही काठांना गवत, चतुर,
एका खळग्यात चार खवल्या.
बाळक्या उकिडवा बसून बघत होता.
आता लिहा, म्हणाला,
काळू उगवते कुठं ते.

पाइप बंद केला तर खवल्या मरतात.
उघडा ठेवला तर सातवी अट मोडते.
आणि दोन्हीच्या खाली, दीड कोसावर,
शेलवलीची वाडी.
मी धारेबरोबर चालत गेलो.
ती मध्येच वाळूत शिरली, दिसेनाशी झाली.

वाडीखाली नदीच्या पात्रात डवरा खणलेला,
हौसा मेंगाळ नारळाच्या करवंटीनं
हंडा भरत होती,
एक करवंटी, मग थांबणं,
वाळूनं पुन्हा देईपर्यंत.
पाणी नितळ होतं.
माझ्या पिशवीत एक रिकामी बाटली होती
आणि बर्फ वितळला होता.

तिनं विचारलं, कशाची पाहणी?
पाण्याची, म्हणालो.
कुठून येतं ते बघायला आलात?
मी म्हणालो, वरून.
तिनं करवंटी खाली ठेवली,
पदरानं कपाळ पुसलं,
आभाळाकडे बघून म्हणाली,
त्याला अजून महिना आहे.