मॅचिंग

जांभळी नाक्याच्या आत, तिसऱ्या गल्लीत
माझं दुकान. फॉल, अस्तर, परकर.
एकशे ऐंशी शेड्स,
त्यातल्या बावीस नुसत्या बदामीच्या.
गिऱ्हाईक पदर पुढे करतं,
मी न बघता हात वर घालते,
खाली येतो तो गठ्ठा तोच असतो.

घरी, कळव्याला, भाच्याच्या खोलीत
दुसरं दुकान.
चपलेच्या खोक्याएवढे डबे, झाकणांना भोकं,
खाली ऊब देणाऱ्या चटया,
वर चिकटपट्टीवर निनादच्या अक्षरात
टँजरीन. स्नो. ब्लिझार्ड.
बरणीत अळ्या. अळ्यांना गाजर माझ्या फ्रिजमधलं.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, पालीच ना रे?
तो म्हणाला, मावशी, ही भिंतीवर चढत नाही,
आणि हिला पापण्या आहेत, बघ.
तिने खरंच मिटले डोळे, सावकाश,
दुपारी दीड वाजता गल्ल्यावर बसलेली मीच जशी.

टँजरीन मी त्याला सोडवून दाखवलं.
मानेपर्यंत शेंदरी,
कमरेशी पिकल्या पपईचा गर,
शेपटीच्या मुळाशी गाजर हलवा,
दूध आटायच्या आधीचा.
तो हसला, पण लिहून घेतलं.

त्याची वही पत्रिकेसारखी.
चौकटी, चौकटीत अक्षरं,
एक आईकडून, एक बापाकडून,
चारांत एक पांढरं निघेल असं गणित
(पहिल्या चारांतच निघेल असं गणिताने
कधी कबूल केलेलं नसतं).
काही नुसती साधी दिसतात, म्हणाला,
पिवळ्यावर काळे ठिपके, कुणी विचारत नाही,
पण आत काहीतरी घेऊन हिंडतात.
पिढी-दोन पिढ्यांनी वर येतं.

हे मला सांगायला नको होतं.
डाव्या मनगटावर पहिला पांढरा ठिपका आला
तेव्हा मी एकोणीसची.
आईच्या आत्याला होतं म्हणे कोड.
तोवर कुणी बोललं नव्हतं.
मग स्थळं. डोंबिवलीचं, पेणचं, नाशिकचं एक बिजवर.
पोह्यांच्या बशा फिरवल्या
पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजात, एप्रिलमध्ये.
मुलगी छान आहे, पण.
त्या पण-ला जुळणारं अस्तर
माझ्या दुकानात आजही नाही.

जानेवारीत एका रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला.
थर्माकोलच्या पेटीत अकरा अंडी, एकोणतीस अंशांवर,
आणि निनाद पुण्याला. फोनवर रडकुंडीला आलेला.
मावशी, ऊब जाऊ देऊ नकोस.
घरात होते नव्हते ते तागे गुंडाळले,
गरम पाण्याची पिशवी, पेटी मांडीवर,
पहाटे साडेपाचला पंखा फिरला
तेव्हा माझे पाय कुठे आहेत ते मला कळत नव्हतं.

आठ फुटली.
सात वहीप्रमाणे.
आठवं पांढरं, आणि पाठीवर डावीकडे
एक शेंदरी ठिगळ,
जे कुठल्याच चौकटीत नव्हतं.
मला वाटलं, गेलं हे. फुकट गेलं.
निनाद खोलीभर नाचला.
याला पॅरडॉक्स म्हणतात, मावशी, पॅरडॉक्स!

रविवारी वाशीहून एक गृहस्थ आले.
चष्मा पुसून तीनदा पाहिलं.
डाग खरा आहे ना?
मोठं झाल्यावर जाणार नाही ना?
चाळीस हजार म्हणाले, घासाघीस न करता.
डाग राहील ना, असं काळजीने विचारणारा माणूस
मी एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा पाहिला.
पोहे घेऊन मीच बाहेर गेले.
अर्ध्या बाहीत.

निनाद माझ्याकडे बघत राहिला.
म्हटलं, वीक की. बघतोस काय?
विजेचं बिल कोण भरणार, तुझा पॅरडॉक्स?

ते जायच्या आदल्या रात्री
शेंदरीच्या सगळ्या कतरणी घेऊन
मी डब्याशेजारी बसले. चौदा.
एकेक धरली, दिव्याखाली, मग दिव्यापासून लांब.
एकही जुळली नाही.
वर ट्यूबलाइटमागे आमची घरची,
भिंतीच्या रंगाची, बिनभावाची,
चुकचुकली.
बोटाने फरशीवर टकटक केलं, कृष्ण कृष्ण,
आणि कतरणींना रबरबँड लावला.